कठडा नसलेल्या घरचं पाणी

ज्याच्या विहिरीला कठडा नाही त्याच्या घरचं पाणी मी पीत नाही. चहासुद्धा नाही. लग्नाला जातो, मयताला जातो, वास्तुशांतीला बोलावलं तर नारळ घेऊन जातो. पण पाण्याचा तांब्या पुढं आला की हात जोडतो आणि विचारतो, "बांधला का?" लोक हसतात. म्हातारा चक्रम आहे म्हणतात. असू द्या. याच चक्रमाला आपल्या विहिरीवर पळत बोलवायला आले तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, आळे गावापासून फार लांब नाही. शाळा मी चौथीपर्यंत केली, पुढं गुरं केली. आमच्या गोठ्याच्या आढ्याला गावची सोल टांगलेली असते. सोल म्हणजे मनगटाएवढा जाड दोर. माझ्या बापाच्या वेळी घायपाताची होती, त्यानं स्वतः वळलेली. आता नायलॉनची आहे. ती आमच्या घरात असली तरी आमची नाही, गावची आहे. तिला जनावर बांधायचं नाही, तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. कुणाचं जनावर विहिरीत पडलं की आरोळी यायची, मी सोल खांद्यावर टाकून निघायचो आणि घरटी एक माणूस दोराला यायचा. बांधाचं भांडण असो, कोर्टात केस चालू असो, दोराला हात लावायचाच. आणि दुसरा नियम असा, की विहिरीत मालकानं उतरायचं. ज्याची विहीर तो खाली, गाव वर. माझ्या बापापासून हे असंच चालत आलं.

गाया काढल्या, म्हशी काढल्या, शर्यतीचा बैल काढला, एकदा मेंढपाळाचं शिंगरू काढलं. आणि दोनदा जनावर नव्हतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. दुसऱ्या वेळी त्या घरच्या माणसानंच मला हातपाय धुवायला पाणी दिलं, त्याच विहिरीचं, आणि मी ती बादली तिथंच पालथी केली. पाण्याचं हे तेव्हापासून.

आता कुणी म्हणेल, एवढा राग कशाला? राग येतो. विहीर खणायला माणूस रात्रंदिवस मशीन लावतो, पाणी लागलं की पेढे वाटतो, मोटार बसवतो, पाइपलाइन दोन-दोन शिवारं लांब नेतो. आणि तोंडाशी कंबरभर भिंत बांधायची म्हटलं की म्हणतो, "बघू आबा, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी बंगल्याच्या गेटवर सिमेंटचे सिंह बसतात. विहीर तशीच, गवतात तोंड लपवून बसलेली. परक्या माणसाला कळायचंही नाही की इथं जमीन संपली.

बिबट्या पडला की मात्र जत्रा भरते. आमच्या जुन्नर भागात बिबट्या विहिरीत पडणं काही नवल नाही. वनखात्याच्या गाड्या येतात, पिंजरा येतो, त्याला चढून बसायला दोरानं बाज सोडतात, ते बिचारे त्यांचं काम नीट करतात. पण गाव! गाव झाडावर चढतं. मोबाइल वर धरून काठावर एकमेकांना ढकलतं. एकाची चप्पल पाण्यात, एकाचा चष्मा पाण्यात. बिबट्या पिंजऱ्यात गेला की टाळ्या वाजवून सगळे घरी. विहीर उघडी ती उघडीच. एवढी माणसं जमली होती, प्रत्येकानं एक दगड ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत कठडा झाला असता. मी हे तिथं मोठ्यानं बोललो. एक पोरगं म्हणालं, "आबा, बाजूला व्हा, फ्रेममधी येताय."

गेल्या वर्षी तरुण मंडळानं माझा सत्कार काढला. फ्लेक्सवर माझा फोटो, खाली 'समाजसेवक'. मी ओळखलाच नाही, इतका गोरा केलेला. शाल दिली, नारळ दिला, मग अध्यक्षांनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांची विहीर मला पाठ आहे.

"कुणाच्या घरचं हाय?" मी विचारलं.

"घरचं न्हाई आबा, बाटलीचं हाय. दुकानातलं."

"मंग दुकानदाराची इहीर कुठं हाय ते सांगा."

मांडव हसला. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो. माईकवर सांगितलं, की माझा एवढाच पुळका असेल तर हा फ्लेक्स उतरवा आणि त्याच्या पैशात अध्यक्षांच्या विहिरीला दोन थर तरी लावा. माईक लगेच बंद पडला. माईक बंद पाडायला माणसं तत्पर असतात. ती शाल मी घरी आणून नवीन झालेल्या कालवडीच्या अंगावर टाकली. थंडीचे दिवस होते.

पण गावाचा राग एका जागी, आणि माझ्या लेकीच्या घरचा एका जागी.

लेक दिली आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या बाजूला. कारखान्याचा भाग, जिकडं बघावं तिकडं ऊस. स्थळ बघायला गेलो तेव्हा विहीर उसाच्या आड होती. मी विचारलं तर विहीणबाई म्हणाल्या, "पावणं, लगीन तर होऊ द्या, उन्हाळ्यात कठडा बांधून टाकतो." त्यांच्या शब्दावर मी लेक दिली. त्यानंतर किती उन्हाळे गेले. घरावर स्लॅब पडला, गोठ्यात कॅमेरे आले, जावईबापू मोबाइलवर गाया बघतात. कठडा नाही.

म्हणून मी लेकीच्या घरचंही पाणी प्यायलो नाही. जाताना बरोबर बाटली न्यायची, ओट्यावर बसायचं, दोन गोष्टी बोलायच्या, एसटीनं परत. जेवण त्या पाण्यात शिजलेलं, म्हणून जेवणही नाही. पहिल्या वर्षी लेक रडली. मग भांडली. "दादा, मी बांधू का भित्त? माझं चालतं का हितं?" म्हणाली. मग एक दिवस मी गेलो तर तिनं तांब्या बाहेर आणलाच नाही. नुसतं म्हणाली, "बसा." भांडली होती तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं.

मागच्या हंगामात, कारखाना चालू होऊन थोडेच दिवस झाले होते, सकाळी तिचा फोन आला.

"दादा, गाभण गाय इहिरीत पडली. सोल घेऊन या."

हालहवाल काही नाही. मी पुतण्याच्या पिकअपमध्ये सोल टाकली, गोणपाटं टाकली आणि निघालो.

पोचलो तर काय बघतो! विहिरीच्या अगदी तोंडाशी जेसीबी उभा. जावईबापूंनी कुणाकडून तरी मागवलेला. भोवती माणसं, सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. तिथली जमीन मुरमाची, वरून ठिसूळ. काठाला भिंतीचा आधार नाही. जेसीबी जरा पुढं सरकला की मातीची ढपली सुटायची आणि धप्पकन गाईच्या पाठीवर. गाय पाण्यात मान वर धरून पोहत होती, डोळे पांढरे झालेले. दर ढपलीला बुडायची, परत वर यायची. आणि वरून ही बुद्धीची माणसं म्हणत होती, "अजून थोडा पुढं घे, बकेट पोचंल."

मी जेसीबीच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

"मागं घे."

"ओ बाबा, मालकानं बोलावलंय मला."

"मालकाची गाय मी पुरायला न्हाई आलो, काढायला आलो. मागं घे न्हाई तर ह्याच बकेटमधी मला उचल आणि टाक खाली, एक काम होऊन जाऊ दे."

जावईबापू धावत आले. "मामा, आवो मशीननं पाच मिनिटात—"

"पाच मिनिटात काठ खाली जाईल, काठामागं मशीन जाईल, आणि मशीनखाली तुमची गाय. मंग कुणाला फोन लावायचा? मला लावू नका."

जेसीबी मागं गेला. मी सोल उतरवली आणि ओरडलो, "घरटी एक माणूस या दोराला!"

कुणी हललं नाही. तिथं ती रीतच नाही. एक जण म्हणाला, "हायड्रा क्रेन बोलवा ना." दुसरा शूटिंग करत होता, त्यानं मोबाइल माझ्याकडं वळवला. मी आयुष्यात इतक्या शिव्या एका दमात कधी दिल्या नसतील. लेक गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. तिनं पदर खोचला आणि शेजारच्या रिकाम्या रानाकडं पळत गेली. तिथं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या होत्या. लांबच्या जिल्ह्यातली माणसं, हंगामापुरती आलेली. त्यांच्यातले काही उसाच्या फडात होते, बाकीचे आले. बायासुद्धा आल्या. एक बाई कडेवरचं लेकरू खाली ठेवून म्हणाली, "कुठं धरू बाबा?" तिनं हात लावला तेव्हा गावातल्या दोघातिघांना लाज वाटली असावी, मोबाइल खिशात गेले.

आता खाली कोण उतरणार?

जावईबापूंनी इकडंतिकडं बघितलं. मोटार काढायला विहिरीत उतरणाऱ्या माणसाचं नाव काढलं, तो बाहेरगावी गेला होता. मग माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता पावणं? इहीर कुणाची?"

"माझी."

"गाय कुणाची?"

"माझी."

"पोहता येतं?"

"येतं, पण मामा—"

"शर्ट काढा."

विहीणबाई मोठ्यानं ओरडल्या, एकुलता एक पोरगा वगैरे. मी म्हणालो, "एकुलता हाय म्हणूनच पोटाचा दोर माझ्या हातात राहील, दुसऱ्या कुणाच्या न्हाई." लेकीनं माझ्याकडं बघितलं. नवरा तिचा, दोर बापाच्या हातात. मग माझ्या मागं येऊन दोराचं शेपूट तिनं स्वतः धरलं.

जावईबापू उतरले. पाय ठेवायला दगड निघायचे, ते निघायचे तसे खाली पडायचे. वरून माती त्यांच्या डोक्यावर, डोळ्यात. मी वरून सांगत होतो, "गाईच्या तोंडाकडून जा, मागून न्हाई. मानेला हात लावा, बोला तिच्याशी. शिंगाला दोर बांधायचा न्हाई." गाभण गाय, पोटाखालून दोर घेतला तर वासरू जाईल. एक पट्टा छातीखाली, एक मागच्या मांड्यांतून, दोन्हीला गोणपाट. ते खाली बुडी मारून पट्टा घेत होते तेवढ्यात वरची एक मोठी ढपली सुटली. पाणी उसळलं. क्षणभर गाय दिसली, माणूस दिसला नाही. माझ्या हातातला दोर सैल पडला.

मी म्हातारा आहे पण तेवढा दोर मला ओढता येतो. ओढला. माझ्या मागं लेकीनं ओढला. डोकं वर आलं, चिखलानं भरलेलं, खोकत. त्यांनी वर बघितलं. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. विहिरीच्या तळातून वर बघताना आभाळ केवढं दिसतं, काठावरची माणसं कशी वाकलेली दिसतात आणि त्यांच्या पायाखालची माती कशी लोंबते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांची स्वतःची विहीर. इतकी वर्षं वरून बटण दाबत होते.

काठावर बाभळीचा ओंडका आडवा टाकला, त्यावरून सोल घेतली. "हां, जोर लावा!" ऊसतोडीवाल्यांची ओढ वेगळीच. एका श्वासात सगळे. गाय वर आली, काठावर आडवी पडली, मग पाय झाडून उठली आणि पहिलं काम काय केलं, तर शेण टाकलं, जेसीबीवाल्याच्या बुटाजवळ. त्यामागं जावईबापूंना वर घेतलं. ते बराच वेळ जमिनीवर बसूनच होते.

मग लेक तांब्या घेऊन आली. किती वर्षांनी आली. मी चिंब घामानं, हात सोललेले, घसा कोरडा. तिनं तांब्या पुढं केला.

मी हात जोडले. "बांधला का?"

सगळे बघत राहिले. लेकीचा चेहरा लाल झाला. "दादा, आज तरी! आज तरी प्या!"

"आजच तर प्यायचं न्हाई."

"मंग मरा तहानंनं," ती म्हणाली आणि आत गेली.

जावईबापू उठले. "मामा, बांधतो. शप्पथ. ऊस तुटून गेला की लगीच."

"ऊस कधी जाईल?"

"आता टोळी ह्या फडातून सुटली की... बघू, महिन्यात दोन महिन्यात."

"बरं. मंग तवर हितं कठडा मी."

मी गोठ्यातली बाज ओढत आणली, विहिरीच्या ज्या अंगानं गाय पडली तिथं टाकली आणि बसलो. पुतण्याला सांगितलं, घरी सांग, म्हातारा येत नाही. लेकीच्या सासरच्यांना वाटलं, तासाभरात उठेल. माझी जिद्द त्या घरातल्या फक्त एका माणसाला माहीत होती, आणि ती आत भाकरी थापत होती, थापे जरा जास्तच जोरात पडत होते.

प्यायला काय? ऊसतोडीवाल्यांची स्वतःची विहीर नाही, म्हणजे त्यांच्या पाण्याला माझा नियम लागत नाही. ते टँकरवरून पिंप भरून आणायचे. त्या कडेवर लेकरू असलेल्या बाईनं मला कोपीपुढं बसवलं, पाणी दिलं, बाजरीची भाकरी आणि लाल चटणी दिली. मी तिथं जेवलो. उघड्यावर, रस्त्यावरून दिसेल असा. विहीणबाईंच्या ओट्यावरून तर स्पष्टच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, यांचा व्याही कोपीवर जेवतो. दूध घालायला गेल्यावर जावईबापूंना डेअरीवर लोक विचारायला लागले, "काय राव, सासऱ्याला जेवायला न्हाई का घरात?" मला वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर नाही वाटलं. गाय पडली तेव्हा अब्रू गेली नाही, कोपीवरची भाकरी खाल्ली तेव्हा गेली. अशी ही अब्रू.

शेवटी एका सकाळी ट्रॅक्टर आला. विटा, वाळू, सिमेंट. गवंडी आला. विहीणबाई बाहेर आल्या नाहीत. भिंत उठायला लागली, मी बाज जरा मागं घेतली. संध्याकाळी गवंड्यानं हात धुतले आणि मी उठून बघितलं. तीन बाजूंनी कठडा. चौथी बाजू मोकळी.

"हे काय?"

"मोटार काढायला लागती मामा," जावईबापू म्हणाले. "तेवढी जागा पायजे."

"गाय कुठून पडली?"

ते मोटारीच्या पाइपाकडं बघायला लागले.

"बोला ना. कुठून पडली?"

"...तिथूनच."

मी बाज उचलली आणि परत त्या मोकळ्या जागेत ठेवली. आता खरंच भडका उडाला असता. त्यांनी तोंड उघडलंही होतं, मीही उघडलं होतं. तेवढ्यात लेक घमेलं घेऊन आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, नवऱ्याकडंही नाही. बाजेचा एक पाय धरून बाज बाजूला ओढली, मी बसलेला असताना. मी पडता पडता वाचलो. घमेल्यात माल कालवला आणि वीट ठेवली. वाकडी ठेवली. गवंडी म्हणाला, "वहिनी, असं न्हाई—" तर तिनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो गुपचूप ओळंबा घेऊन बसला. मग जावईबापूंनी विटा द्यायला सुरुवात केली. मोटार वर ओढून काढायला कठड्यावर आडवी लोखंडी दांडी बसवायची ठरली. ते अर्ध्या तासाचं काम निघालं. इतकी वर्षं याच अर्ध्या तासाचा अडसर सांगत होते!

अंधार पडायच्या आत चौथी बाजू झाली. लेक हात धुऊन आत गेली आणि तांब्या घेऊन आली. भरलेला, काठोकाठ. मी बाजेवरून उठलो. सगळे बघत होते, कोपीवरच्या बायाही. मी ओंजळ केली.

ती माझ्यासमोरून पुढं गेली आणि अख्खा तांब्या नव्या कठड्यावर ओतला.

"ओल्या सिमिटाला पाणी मारावं लागतं," ती म्हणाली. "आधी ह्याला. तुमी थांबा. मी थांबली न्हाई का?"

मी ओंजळ तशीच धरून उभा होतो. ऊसतोडीवाली बाई तोंडाला पदर लावून हसली. जावईबापू खाली बघून हसले. मला राग आला. आला म्हणजे यायलाच पाहिजे होता, माणसांसमोर बापाला असं. पण तिची जिद्द कुठून आली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसरा तांब्या तिनं बऱ्याच वेळानं आणला. मुद्दाम वेळ लावला. मी उभ्यानं तो संपवला. पाणी जरा खारं आहे तिकडचं. ती बघत राहिली, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग विचारलं, "अजून?"

"अजून," मी म्हणालो.

ती आत गेली. मी कठड्याला हात लावून बघितला, ओला होता, म्हणून टेकलो नाही. तिथून शेजाऱ्याचं रान दिसतं. त्याच्या बांधालगत विहीर आहे, तोंडाशी गवत माजलेलं. कठडा नाही. शेजारी स्वतः बांधावर उभा होता, मला बघून त्यानं लांबूनच हात केला.

"या की पावणं, चहाला!"